बशीला धक्का कुणाचा?

एकदा एक तरुण एका वृद्ध संशोधिकेकडे काम शिकायला राहिला. या बाई काचेच्या बशीत माणसाच्या मूळपेशी वाढवत असत. शरीराचा कुठलाही भाग होऊ शकतील अशा या अगदी कोवळ्या पेशी. योग्य अन्न आणि ऊब मिळाली की त्या आपापली जागा धरत आणि एकात एक अशी वर्तुळं रचत. आईच्या पोटात गर्भाची पहिली घडी बसते, तिचंच हे प्रतिरूप. त्या दिवसांत पोटाच्या आत डोकावता येत नाही, म्हणून बाई बशीत डोकावत.

तरुणाची शाळा आठवीतच सुटली होती. तो प्रयोगशाळेत गॅसचे सिलिंडर पोचवायला येई. इथे बशीत गर्भ वाढवतात असं त्यानं कुठूनसं ऐकलं आणि एके दिवशी सिलिंडर दारातच ठेवून सरळ बाईंपुढे जाऊन उभा राहिला.

"बाई, यातला एखादा माझ्या ताईला देता येईल का हो?"

शेजारचे विद्यार्थी फिसकन हसले. बाई हसल्या नाहीत.

"अरे, हे बाळ नव्हे. बाळाच्या सुरुवातीची नक्कल आहे. बाहुली पाळण्यात घातली म्हणून ती भुकेनं रडते का?"

"मग हिचा उपयोग काय?"

"सुरुवात कशी होते, कुठे बिघडते, ते कळावं म्हणून. बघायचंय? मग आधी हात धुऊन ये."

तो हात धुऊन आला आणि तिथलाच झाला.

त्याच्या ताईचा गर्भ महिन्यापूर्वी गेला होता. तिसरा महिना लागायच्या आतच. एकदा चहाच्या वेळी त्यानं ते सांगितलं, तेही दुःखापेक्षा रागानंच.

"तिला बजावलं होतं, लग्नाला जाऊ नकोस. तरी मोटरसायकलवर बसून गेली. रस्ता कसला, नुसते खड्डे! मग मीही दवाखान्यात सगळ्यांदेखत सुनावलं. म्हटलं, तूच घालवलंस त्याला."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, हो."

तेव्हापासून ताई माहेरीच होती. भिंतीकडे तोंड करून पडून राही, कुणाशी बोलत नसे. हे सांगताना तरुणाचा आवाज खाली आला. बाई हातातला चहा तसाच ठेवून उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्यापुढे एक बशी ठेवली. "ही तुझी. हिचं सगळं तू करायचं."

एरवी हा माणूस चालताना खुर्च्या पाडणारा. पण ती बशी नेताना तो श्वाससुद्धा रोखून धरी. उबेच्या पेटीचं दार असं लावी, जणू आत कुणी नुकतंच झोपलंय. पेशी इतरांसारख्याच होत्या, अन्न तेच, पेटीही तीच. ठरल्या दिवशी बशा सूक्ष्मदर्शकाखाली आल्या. शेजारच्या बशांत सुबक वर्तुळं बसली होती. याच्या बशीत सांडलेल्या साबुदाण्यासारखा नुसता पसारा होता.

बाईंनी कधी कुणावर आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्या दिवशी मात्र त्या सगळ्यांसमोर कडाडल्या.

"काय केलंस हिला? धक्का दिलास?"

"नाही बाई, शपथ!"

"जिना धावत चढला असशील."

"जिन्याचा नि बशीचा काय संबंध?"

"मग मनात काहीबाही आणलं असशील. कुणीतरी काहीतरी केल्याशिवाय असं होतं का? तूच घालवलीस ती!"

तरुण उसळून काही बोलणार होता. पण ते शेवटचे शब्द कानावर पडले आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. ते शब्द त्याच्या ओळखीचे होते. तो अगदी हळू म्हणाला, "मी टोपडं घेतलं होतं."

"कसलं टोपडं?"

"बाळाचं. जन्माआधी काही घ्यायचं नाही, असं आई सांगत होती. पण बाजारात पिवळं टोपडं दिसलं, राहवलं नाही. घेतलं नि गाडीच्या सीटखाली लपवलं. त्याच आठवड्यात ताईचं..." त्यानं मान खाली घातली. "आपल्याला कुणी जाब विचारील, म्हणून मीच आधी तिच्यावर ओरडलो."

बाईंचा आवाज आता नेहमीचा झाला होता.

"तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं. मी पाहत होते. माझा एवढा हात बसलेला, तरी माझ्याही बशा अशा जातात. सारखं अन्न, सारखी ऊब. तरी एखादीत घडी बसतच नाही. तुझ्या ताईच्या पोटात नेमकं काय झालं, ते ही बशी सांगू शकणार नाही. ती नक्कलच आहे. पण इतक्या लवकर जाणारे गर्भ बहुधा सुरुवातीच्याच बिघाडानं जातात. त्याला ना खड्डा लागतो, ना टोपडं. दुःखाला अपराधी सापडला की माणसाला रडावं लागत नाही. म्हणून तू अपराधी शोधलास. आणि तिनं तुझ्यावर विश्वास ठेवला. मी तुला दोन मिनिटं बोलले. ती महिनाभर तेच ऐकतेय."

तरुण उठला. वाटलं होतं, खरं बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. घरी जाताना वाटभर त्याला गाडीच्या आरशात स्वतःकडे बघवेना.

ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यानं टोपडं तिच्या हाताशी ठेवलं आणि सगळं सांगितलं: सीटखालचं, दवाखान्यातलं, बशीचं. माफ कर म्हणायचं होतं, ते काही तोंडातून निघेना.

ताई या कुशीवर वळली. तिनं टोपडं उचललं, आपल्या मुठीवर चढवून पाहिलं.

"केवढं घेतलंस रे हे, वेड्या? वर्षाच्या पोराला होईल."

आणि मग, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, दोघं बाळासाठी रडली.

कुणी गेलं की आधी नुसतं रडावं. निवाडा करायला बसू नये.