वेतसमुनींची अंजली

त्रेतायुगाच्या आरंभी, हरिद्रा नदीच्या तीरावर, जिथे वेळूंची बने आकाशाला टेकत आणि मृगशावके निर्भयपणे होमकुंडाशी निजत, तिथे वेतस नावाच्या महातपस्वी मुनींचा आश्रम होता. एका यज्ञात हविर्भाग कमी पडल्याचे निमित्त करून देवेंद्र रुसला आणि त्याने मेघ कोंडून ठेवले. नदी आटली, वेळू वाळले, शिष्य चालते झाले. मागे उरले मुनी आणि त्यांची गर्भवती पत्नी शाद्वली.

वेतसमुनींनी अंजली जोडून प्रतिज्ञा केली, "पर्जन्य भूमीला स्पर्श करीपर्यंत हे हात विलग होणार नाहीत!"

पतीने व्रत घेतले की त्याच मुहूर्तावर पत्नीनेही घ्यावे, असा तिथला कुलाचार. रोजचा पहिला घास मुनीच तिला भरवीत, तेच आठवून शाद्वली डोळे मिटून म्हणाली, "पतीच्या हातचे मिळेल तेवढेच मी सेवन करीन." दोघांचे शब्द एकदमच अग्नीसमोर पडले. आधी एकमेकांना विचारावे, हे त्या दोन ज्ञानी जिवांना सुचले नाही! अग्निसाक्ष बोललेले आता कोण मागे घेणार?

शाद्वलीने रानोमाळ हिंडून मूठभर नीवार, म्हणजे रानचा तांदूळ, आणला, शिजवला, मुनींपुढे ठेवला. तो तसाच वाळून गेला. पोटातला गर्भ आधी ढुशा देई, मग नुसता हले.

"नाथ, हात सोडा!" ती त्यांच्या पायांवर कोसळली. "माझ्यासाठी नको, ह्या अंकुरासाठी सोडा!"

"भद्रे, व्रत मोडले तर पाऊस कायमचा दुरावेल. अवघी सृष्टी मरेल."

"सृष्टी मला दिसत नाही हो! मला एवढी हालचाल कळते, आणि तीही थांबत चालली आहे!"

मुनींनी मान तिच्यापुढे लवविली. "हात माझ्या स्वाधीन नाहीत, शाद्वली. पण त्या हातांसकट हा देह मी तुला अर्पण करतो. माझ्या हातचे म्हणूनच घे. मस्तकापासून आरंभ कर, म्हणजे तुझे अश्रू मला दिसणार नाहीत."

पुढचे सांगताना जुन्या कथेकऱ्यांचाही आवाज खाली जाई. ती रडत होती आणि खात होती. मस्तक गेले, तरी मुनींची अंजली सुटली नाही!

ते पाहून इंद्राचे आसन डळमळले. मेघ धावले, पहिला थेंब मातीत पडला आणि तेव्हाच ते हात विलग होऊन शाद्वलीपुढे उताणे पडले. घास भरवायला मोकळे झालेले ते तळवे पाहून तिने जो हंबरडा फोडला, तो स्वर्गात ऐकू गेला.

"साध्वी, वर माग," लज्जित इंद्र म्हणाला.

"ह्यांना उठवाल?"

"ते मला साध्य नाही."

"मग एवढेच द्या. माझ्या लेकरांना कुणाच्याही हातच्या घासाची वाट पाहावी लागू नये!"

"तथास्तु!" इंद्र घाईने म्हणाला. वराची दुसरी बाजू पाहण्याची देवांना सवय नसते.

शाद्वलीची काया आक्रसून कीटकाची झाली, पानासारखी हिरवी. पतीची अंजली तिच्या हातांना जडली. त्या अंजलीत काटे उगवले. तिच्या कुळातला नर आजही वाऱ्यात पान झुलावे तसा तिच्याकडे येतो आणि पुष्कळदा परतत नाही. मादी फेसात अंडी घालते. फेस वाळून त्यांचे कवच होते. पिले बाहेर येतात ती हात जोडूनच, आणि जन्मतःच शिकार साधतात. त्यांना घास भरवायला आई तेव्हा बहुधा जगातच नसते.