फोडलेली चारोळी

झाडांच्या ढोलीत दुकानं चालायची, त्या काळातली गोष्ट. झुमरी खार आणि तिचे भुरेकाका मोहाच्या झाडात दुकान चालवायचे. समोर माकडानं मोठं दुकान थाटलं आणि यांची गिऱ्हाइकं आटली. पावसाळ्यापर्यंत विक्री वाढली नाही, तर ढोली सोडावी लागणार होती.

“आपणही आंबे, मध, चिंचा ठेवू,” काका म्हणाले. “माकडाकडे आहे ते सगळं.”

“मग माकडाला सोडून आपल्याकडे कुणी का यावं?”

“तोंड आवर! या धंद्यात माझ्या मिशा पिकल्यात.”

झुमरीला वेगळाच प्रश्न छळत होता. माकडाचं दुकान ओलांडून बुलबुलीण रोज इथंच का येते? काकांनी तिला कधी विचारलंच नव्हतं. झुमरीनं विचारलं.

“अगं, चारोळी तिथंही मिळते,” बुलबुलीण म्हणाली, “पण तिचं कवच माझ्या चोचीनं फुटत नाही. तुझे काका गप्पा मारता मारता दातांनी फोडून देतात. माझी पिल्लं तेवढीच खातात.”

“ते तर मी सहज करतो,” काका ओशाळले. “तो काय धंदा झाला?”

“काका, तोच तर धंदा आहे!”

दुसऱ्या दिवशी झुमरीनं बाकी सगळा माल हलवला आणि फक्त फोडलेली चारोळी मांडली. आधी बुलबुलिणीच्या मैत्रिणी आल्या, मग साळुंक्या, मग दात पडलेला म्हातारा ससा. आठवड्याभरात रांग पार ओढ्यापर्यंत गेली. काका कुरकुरत फोडत होते.

एक चिमणी पुढे आली. काकांनी दाणा दातांत धरला, थांबले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला विचारलं, “तुला कशी हवी गं? अख्खी, की बारीक तुकडे करून?”