मुळं धुणारं गाव

एका गावात एक उतार होता. उतारावर झाड नव्हतं आणि उताराखाली पन्नास घरं होती. दर पावसाळ्यात उतार थोडा खाली यायचा. गाव म्हणायचं, "चालायचंच."

चालायचं कुणाचं? वरच्या आळीचं. ती उताराच्या दुसऱ्या अंगाला; तिथे पार होता, थोरांची घरं होती, आणि त्यांच्या डोक्यावरचा उतार कधी घसरला नव्हता. घसरायचा तो खालच्या आळीवरचा. एका वर्षी चिखलानं भिवरीच्या घरचा गोठा म्हशीसकट नेला. पुढच्या वर्षी मागची पडवी गेली. आता उरल्या होत्या पुढच्या दोन खोल्या, आणि त्यात भिवरी नि तिची आई. अजून एक मोठी घसरण झाली की त्या खोल्याही जाणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

उतारावर झाडं हवीत, हे थोरांनाही मान्य होतं. ते लावायचेसुद्धा, दर वर्षी, वाजतगाजत. रीत अशी की उन्हाळ्यात घरटी एक वाफा करायचा, जांभळाच्या, हिरड्याच्या, ऐनाच्या बिया पेरायच्या. लावणीच्या दिवशी अप्पा मानकरी काठी घेऊन वाफ्यावाफ्यातून फिरायचे आणि प्रत्येक वाफ्यातलं सगळ्यात उंच रोप निवडायचे. ते मानाचं रोप. थोरली काकू त्याची मुळं हळदीच्या पाण्यात चोळून चोळून धुवायची, नवऱ्या मुलाला न्हाऊ घालावं तशी. मातीचा कण राहता कामा नये! मग ते उतारावर लागायचं, आणि सगळ्यात उंच रोप ज्याचं, त्याला फेटा.

वाफ्यातली बाकीची रोपं? उपटून उकिरड्यावर. खुरटी होती ना ती.

अशी एकोणीस वर्षं लावणी झाली. एकोणीस वर्षांची रोपं कुठे होती? कुठेच नव्हती. भाद्रपदात माना टाकायची आणि दिवाळीपर्यंत काटक्या व्हायच्या. मग थोर पारावर बसून तंबाखू मळत कारण सांगायचे, "हल्लीच्या पोरांचा हात लागला की झाड जगत नाही." एकोणीस वर्षं हेच कारण! सुरुवातीला ज्यांना 'हल्लीची पोरं' म्हटलं, त्यांचे केस पिकायला लागले तरी कारण बदललं नाही.

भिवरी पंतोजींच्या शाळेतून सातव्या वर्गात उठलेली. उठलेली म्हणजे उठवलेली. "का?" असं तिनं एका दिवसात तीनदा विचारलं आणि पंतोजींचं डोकं दुखलं. तेव्हापासून ती रानात जायची, मोळ्या आणायची, आणि 'का' तिथे विचारायची. रानाचं डोकं दुखत नसे.

एकदा दाट रानात तिला गुडघ्याएवढी जांभळाची रोपं दिसली. वर मोठ्या झाडांची इतकी गच्च सावली, की खाली दिवसाही अंधारल्यासारखं. एवढ्या सावलीत ही जगली कशी? तिनं बोटांनी पालापाचोळा बाजूला केला. खालच्या काळ्या मातीत पांढरे धागे होते, केसाहून बारीक. एका रोपाच्या मुळापासून निघून दुसऱ्याच्या मुळाला गेलेले, तिथून तिसऱ्याच्या, तिथून थेट मोठ्या झाडाच्या. बुरशी होती ती. शिळ्या भाकरीवर आली की आई भाकरी फेकून द्यायची, त्याच जातकुळीची.

तिनं दोन रोपं घरी आणली. एकाची मुळं काकूसारखी धुतली. दुसरं रानातल्या मातीच्या ढेकळासकट तसंच लावलं. धुतलेलं महिन्याभरात वाळलं. ढेकळातलं उभं राहिलं. पुन्हा करून पाहिलं, दहा-दहा रोपं घेऊन. धुतलेल्यांतलं एक जगलं, ढेकळातली नऊ.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. वाफ्यातलं मानाचं रोप उंच का होतं? ते जात्याच दांडगं म्हणून नव्हे. ते शेजाऱ्यांच्या डोक्यावर पानं पसरतं, त्यांचं ऊन खातं, त्यांच्या वाटचं पाणी ओढतं. त्याच्या भोवतीची रोपं पिवळी पडलेली असतात. आणि गाव दर वर्षी नेमकी असली पन्नास दांडगट रोपं निवडून एका उतारावर लावतं! एकानंही दुसऱ्यासाठी मूळ पसरायचं नाही, सगळ्यांनी वरच पळायचं. मग माती धरणार कोण?

भिवरी पारावर गेली.

"अप्पा, यंदा रोप निवडू नका. वाफा निवडा."

"म्हणजे गं काय?"

"ज्या वाफ्यातली सगळीच रोपं बरी वाढलीत, तो अख्खा वाफा लावा. एकटं उंच झालेलं नको. आणि मुळं धुऊ नका. त्या मातीत पांढरे धागे असतात, ते रोपांना एकमेकांशी बांधतात. खाऊपिऊ घालतात म्हणा ना."

पारावर हसू फुटलं. थोरल्या काकूनं नाकाला पदर लावला. "अगं बाई! बुरशी? मानाच्या रोपाला बुरशी लावायची?"

"सातवीतनं उठलीस," अप्पा म्हणाले, "आणि आम्हाला शिकवायला आलीस. तुझा बाप आमच्यापुढे मान वर करत नव्हता."

"म्हणून तर त्याला गोठा वर बांधायला जागा दिली नाहीत."

हसू थांबलं. अप्पांनी काठी आपटली. "पोरी, आमचे केस उन्हात पांढरे झाले नाहीत."

"कशात झाले ते मला माहीत नाही अप्पा. पण एकोणीस वर्षांत झाड एक जगलं नाही, हे माहीत आहे. तुम्हालाही आहे."

मोठ्या माणसांना खोटं सांगितलेलं चालतं. त्यांच्या देखत झालेलं खरं सांगितलं की मात्र तो उर्मटपणा होतो. शेवटी अप्पा म्हणाले, "एवढी हौस आहे ना? तुझ्या घरावरचा पट्टा घे. तसाही तो जायचाच आहे."

म्हणजे मेलेलं जनावर दान केल्यासारखं. भिवरीनं घेतला.

ती आणि आई रानातून टोपल्या टोपल्या माती आणत राहिल्या. खालच्या आळीतल्या बायकाही आल्या. त्यांच्याही डोक्यावर तोच उतार होता. बारा वाफे झाले, तीनशे रोपं. उंच फारसं कुणी नव्हतं. पण पिवळंही कुणी नव्हतं. आई म्हणायची, "भिवरे, कशी पंगतीला बसल्यासारखी दिसतायत बघ."

लावणीच्या आदल्या दिवशी भिवरी, आई आणि सगळी आळी उतारावर खड्डे खणायला गेली. संध्याकाळी भिवरी आधी खाली आली आणि वाफ्यांपाशी थिजली.

बाराही वाफे उपटलेले होते.

थोरली काकू पाटावर बसली होती. समोर पिवळ्या पाण्याचं घंगाळ. केळीच्या पानावर बारा रोपं ओळीनं मांडलेली, मुळं अगदी लख्ख. अप्पा काठीवर रेलून उभे.

"ये," काकू म्हणाली, "तुझ्या रोपांनाही मान दिला हो. किती घाण होती मुळाशी! चोळून चोळून काढली."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? तुझ्या भल्याचंच केलं. परक्याची का आहेस तू?"

शत्रूनं केलं असतं तर दगड मारता आला असता. पण ही माणसं तुमचं घर बुडवतात, वर डोक्यावरून हात फिरवतात, आणि तुम्ही ओरडलात की म्हणतात, "काय वाईट केलं आम्ही?"

"बाकीची कुठे आहेत?" तिनं कसंबसं विचारलं.

"ती खुरटी? त्यांना कोण धूत बसतंय! दिली उकिरड्यावर."

भिवरी धावली. उकिरड्यावर पावणेतीनशेच्या वर रोपं ढिगानं पडली होती. आडवी, एकमेकांत गुंतलेली. आणि मुळांना माती जशीच्या तशी! काळी, ओली, पांढऱ्या धाग्यांची. थोरांच्या मायेनं बारा रोपं मारली होती. बाकीची वाचली ती थोरांनी त्यांना तुच्छ मानलं म्हणून.

ती उताराकडे वळून ओरडली, "आई! सगळ्यांना बोलव. ओली पोती घेऊन या. सगळी उचलायची."

"आणि मानाची बारा?" अप्पांनी विचारलं.

"ती तुम्हीच लावा तुमच्या डोक्यावर. माझ्या उतारावर नकोत."

"उकिरड्यावरची रोपं लावतेस? गाव हसेल."

"गावाला हसू द्या. मला खाली राहायचंय."

दुसऱ्या दिवशी वरच्या पट्ट्यात ताशे वाजले, हळदीनं माखलेली पन्नास रोपं ऐटीत लागली, फेटाही कुणाच्या तरी डोक्यावर बसला. खालच्या पट्ट्यात खालच्या आळीनं मान खाली घालून काम केलं. एका खड्ड्यात पाच-पाच रोपं, शेजारी शेजारी, वर रानातला पाचोळा. ताशा नाही. फेटा नाही. आईनं भाकरी आणि ठेचा आणला तेवढाच.

त्या वर्षी वरच्या पट्ट्याच्या काटक्या झाल्या. दुसऱ्या वर्षीही झाल्या. खालच्या पट्ट्यात काही मेली, बरीच जगली. दुसऱ्या वर्षी आळीनं तिथेच आणखी चार वाफे मिसळले. अप्पा येता-जाता म्हणायचे, "झुडपं आहेत नुसती. एकही झाड नाव घेण्यासारखं नाही."

खरं होतं. नाव घेण्यासारखं एकही नव्हतं. सगळी मिळून एक होती.

तिसऱ्या श्रावणात सात दिवस पाऊस उघडला नाही. आठव्या दिवशी दुपारी भिवरी पट्टा बघायला वर गेली, आणि तिला वरच्या आळीच्या डोक्यावर भेग दिसली. हात जाईल एवढी रुंद. जो उतार कधी घसरला नव्हता, त्याच्यावर. ती चिखलातून घसरत, पडत पाराशी आली.

"बाहेर निघा! उतार सुटतोय तुमचा!"

"ओरडू नको," अप्पा म्हणाले. "भेगा पडतच असतात. आमची बाजू देवाची आहे, ती घसरत नाही."

अप्पांच्या सूनबाईनं मात्र पोरांना काखोटीला मारलं. तिनं तीस पावसाळे काढले होते, पण त्या घरात तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. तिनं विचारलंही नाही. सरळ सासऱ्यांच्या दंडाला धरलं आणि फरफटत ओढलं. "चला म्हणते ना! मेलात तर मी सुतकात नाही बसायची!" तिचं बघून बाकीची घरंही निघाली.

माणसं खालच्या आळीत पोचली आणि मागे उतार आला. आवाज ढगासारखा, पण जमिनीतून. पार गेला. अप्पांचं घर गेलं. सात घरं गेली. माणूस एकही गेलं नाही.

खालचा पट्टा हलला नाही. पाणी त्याच्यावरून गढूळ होऊन वाहिलं, थोडी कड ढासळली, एवढंच. भिवरीच्या दोन खोल्या उभ्या होत्या आणि त्यात आता बावीस माणसं कोंबून बसली होती. आईनं सगळ्यांना पेज वाढली. काकूलाही.

पाऊस उघडला तसे अप्पा उठले. वाटलं, आता हा म्हातारा दोन शब्द तरी बोलेल. बोलले. पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मधली चांगली दोनशे झुडपं काढा आणि आमच्या बाजूला लावा. आता तुझं-माझं करायची वेळ नाही. गाव एक आहे."

भिवरी ताडकन उभी राहिली. "आज एक झालं? आमचा गोठा गेला तेव्हा किती होतं?"

"जुनं उकरू नको."

"तुम्ही झाडं उकरा म्हणताय, आणि मी जुनं उकरू नको? अप्पा, ती झाडं दोनशे नाहीत. ते एक आहे. मधून काढलंत तर दोन्ही बाजू जातील. तुमच्या पट्ट्यासाठी वाफे मी करून देते, माती मी आणते, या सगळ्या जणी येतील. पण यातलं एक मूळ उपटायचं नाही."

"उद्धटपणे बोलायचं आणि वर उपकार करायचे!" अप्पा पोरांकडे वळले. "घ्या रे पहारी."

एकही पोर उठलं नाही. वरच्या आळीतलंही नाही. सूनबाईनं तर हात बांधले आणि सासऱ्यांकडे बघत राहिली.

तेव्हा अप्पांनी स्वतः पहार उचलली. पट्ट्याच्या मध्यावर गेले आणि दोन्ही हातांनी मारली. पहार वीतभर गेली आणि अडकली. उपसली, पुन्हा मारली. पुन्हा अडकली. खाली जाळं होतं, मुळांत मूळ आणि मुळांवर धागा. जिथे मारावं तिथे सगळी जमीन मिळून धरत होती. एकोणीस वर्षं ज्या उतारात बोट खुपसलं तरी माती सुटायची, त्यात आता पहार मारली तरी जात नव्हती.

अप्पांना धाप लागली. "जाईना," ते हळूच म्हणाले.

"ऐकू नाही आलं," भिवरी म्हणाली. "सगळ्यांना ऐकू येईल असं सांगा."

तात्पर्य, आणि ते थोरांनी पोरांच्या आधी वाचावं: शेजाऱ्याचं ऊन खाऊन जो उंच झाला, त्याच्या भरवशावर उतार सोडू नका, निवडायचाच तर अख्खा वाफा निवडा. आणि तुमची माया कितीही मोठी असो, न विचारता कुणाची मुळं धुवायला बसू नका.