भट्टीचे पाणी आणि राजाची चूळ

पुष्कळ पिढ्यांमागची गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होते आणि राज्याच्या मधोमध एक तळे होते. तळ्याच्या वरच्या अंगाला अत्तारांची आळी होती, खालच्या अंगाला गाव. आळी मोगऱ्याचे अत्तर काढी आणि गाव तळ्याचे पाणी पिई.

त्या आळीचा एक रिवाज होता. अत्तर निघाले की हंड्यात फुलांचा चोथा उरतो आणि भांडी धुतली की गढूळ पाणी उरते. भट्टीचे पाणी तळ्याकडच्या पाटात सोडायचे, तर आधी भट्टीच्या मालकाने त्याची चूळ भरायची. तोंडात धरवले तर सोडायचे, नाहीतर नाही. म्हणून आळीतले लोक चोथा मोगऱ्याच्या मुळांशी घालत, तांब्याची भांडी चिंचेने घासत आणि धुण्याचे पाणी वाळूच्या खड्ड्यातून गाळून घेत. सरपणाला वाळक्या फांद्या आणि गोवऱ्या. अत्तर थोडेच निघे, पण त्यापायी कुणाच्या पोटात कधी दुखले नाही.

भिवरा ही आळीतली सगळ्यात वडील अत्तारीण. तिची लेक खालच्या गावात दिलेली होती. लेकीची लेक येसू आजीकडे आली की हटकून ओंजळभर कळ्या परकराच्या ओच्यात भरून न्यायची, आणि भिवरा बघून न बघितल्यासारखे करायची.

एकदा परमुलखाच्या एका राजाने या राजाच्या अंगच्या सुगंधाची तारीफ केली. झाले, राजाच्या डोक्यात हवा गेली. रोज महालाच्या पायऱ्या अत्तराने धुवा, भिंती धुवा, हत्तीसुद्धा धुवा, असा हुकूम सुटला. राजा बोले, दळ हाले. प्रधानाने तळ्याच्या वर ओळीने भट्ट्या घातल्या. सरपणासाठी डोंगर बोडका केला. फुले पुरेनात म्हणून मुक्या कळ्या ओरबाडल्या. तांबे झटपट लखलखावे म्हणून घासायला कातडी जाळणारे तेजाब आणले, आणि ते हिरवेगार पाणी चोथ्यासकट थेट पाटात सोडले. आळीच्या लोकांनी रिवाजाची आठवण दिली, तेव्हा तो गरिबांचा रिवाज आहे, सरकारी भट्टीला लागू नाही, असे प्रधान म्हणाला. जसे काही सरकारी घाण सोवळी असते.

आता पुढचे शहाणपण ऐका. तळे नासले. त्याची दुर्गंधी महालापर्यंत चढली. तेव्हा राजाने काय करावे? त्याने अत्तर दुप्पट काढायला सांगितले. अत्तर वाढले तशी घाण वाढली, घाण वाढली तसे अत्तर वाढले. महालातली माणसे नखशिखान्त इतकी माखली की त्यांना दुसरा कसलाच वास येईना. मग त्यांनी दुर्गंधी गेली असे जाहीर केले आणि पेढे वाटले. नाक आपले गेले, हे एकालाही कळले नाही.

खाली गावाला मात्र तेच पाणी प्यावे लागत होते. दुसरे पाणी डोंगरापलीकडे, नदीला. माणसांची पोटे बिघडली. येसूच्या तोंडात फोड आले. पाण्याचा घोट घेतला की ती रडे, आणि न घ्यावा तर तहानेने रडे.

भिवरा दरबारात गेली. भट्ट्यांचे पाणी तळ्यात सोडू नका, एवढेच तिने मागितले. प्रधान म्हणाला, गावच्या लोकांच्या सवयीच घाणेरड्या आहेत. राजाला दया आली. त्याने तिला अत्तराची एक कुपी दिली आणि घरोघरी दारात शिंपडायला सांगितले. गावाने पाणी मागितले, राजाने वास दिला. भिवराच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती कुपी पदरात बांधून मुकाट्याने घरी आली.

मग मोगऱ्याच्या हंगामाचा पहिला दरबार भरला. परमुलखाचे राजे आले होते. हंगामाचे पहिले अत्तर आळीतल्या सगळ्यात वडील माणसाने राजाच्या मनगटाला लावायचे, अशी जुनी चाल होती. भिवरा आली. तिच्या एका हातात राजाने दिलेली कुपी होती, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"महाराज, आता भट्टीचे मालक तुम्ही," ती म्हणाली. "आधी चूळ, मग अत्तर. हे तुमच्याच भट्टीच्या पाटातलं पाणी आहे, आत्ताच भरून आणलंय."

प्रधान पुढे झाला, पण राजाने त्याला हाताने मागे सारले. पाहुण्यांसमोर मागे हटणे त्याला शोभणार नव्हते. आणि खरे सांगायचे तर त्याला भीतीही वाटली नाही. त्याने तांब्या नाकाशी नेला. मोगऱ्याशिवाय त्याला कसलाच वास आला नाही.

"अत्तराच्या भट्टीचं पाणी," राजा हसून म्हणाला. "ते वाईट कसं असेल?"

आणि त्याने तोंडभर पाणी घेतले.

पुढच्याच क्षणी ते पाणी सिंहासनापुढच्या गालिच्यावर पडले. राजाची जीभ भाजली. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. विषप्रयोग झाला म्हणून प्रधानाने शिपायांना हाक दिली.

भिवरा जागची हलली नाही. "तुम्ही थुंकलात, महाराज," ती म्हणाली. "माझ्या येसूला ते गिळावं लागतं."

राजाने शिपायांना हातानेच थांबवले आणि गालिच्यावरच्या हिरव्या डागाकडे बघितले. मग जडावलेल्या जिभेने त्याने भिवरालाच विचारले, आता काय करू?

तिने कुपी त्याच्या हातात परत ठेवली आणि दोन गोष्टी मागितल्या. अत्तराने धुतलेल्या त्या हत्तींनी डोंगरापलीकडून गावाला नदीचे पाणी आणायचे. आणि सरकारी भट्ट्यांचे पाणी पाटात सोडायचे असेल, तर रोज संध्याकाळी प्रधानाने स्वतः त्याची चूळ भरायची.

पहिल्याच संध्याकाळी प्रधानाला वाळूचा खड्डा आठवला. दुसऱ्या दिवशी तेजाबाचे बुधले परत गेले. पुढच्या हंगामापर्यंत ओळीतल्या दोनच भट्ट्या उरल्या आणि चोथा मोगऱ्याच्या मुळांशी जाऊ लागला. हे सगळे प्रधानाला आधीही येत होते, बरे का. फक्त तोंड दुसऱ्याचे होते.

येसूचे फोड बरे झाले. तळे मात्र लगेच निवळले नाही, कारण चूक कबूल केल्याने पाणी स्वच्छ होत नसते. येसूची स्वतःची नात ओंजळीने त्यातले पाणी प्याली, तोवर तो राजा, तो प्रधान आणि भिवरा, कुणीच उरले नव्हते.

जे पाणी आपल्या तोंडात धरवत नाही, ते दुसऱ्याच्या घागरीत सोडू नये.