हेरंबने सांगितलेला छंद

चिपळूणचा गुरांचा डॉक्टर हेरंब पेठे चौतिशीला आला, तरी लहान मुलांची कार्टून बघण्याचं त्याचं वेड सुटलं नव्हतं. शलाकाच्या घरी लग्नाची बोलणी करायला जाताना बहिणीने बजावलं, "छंद विचारला तर वाचन सांग."

शलाकाचे मामा निवृत्त पोलीस अधिकारी होते. पाहुण्यालाही आरोपीसारखं समोर बसवायची त्यांची सवय गेली नव्हती. त्यांनी छंद विचारलाच. शलाका तिथेच बसली होती. ती हेरंबला मनापासून आवडली होती, आणि तिच्यादेखत खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं.

"कार्टून बघतो," तो म्हणाला.

मामा मोठ्याने हसले. "या वयात? अहो, तुम्ही मोठे कधी होणार?"

बहिणीने मान खाली घातली. हेरंबचे कान तापले, पण त्याचा आवाज शांत राहिला.

"मामा, लहान होतो तेव्हा मी कार्टून घरच्यांपासून चोरून बघायचो. आता पोलिसांनी विचारलं तरी सांगतो. मोठं होणं म्हणजे आणखी काय असतं?"

पुढचा प्रश्न मामांच्या आधी शलाकाने विचारला.

"बघताना शेजारी कुणी बसलेलं चालतं का?"