चार भोई आणि ताकाची वाटी

राजे खंबीरराव पालखीतून पडले ते थेट चिखलात. पगडी एकीकडे, जोडा दुसरीकडे आणि मधोमध महाराज! झालं होतं इतकंच, की एक जुना भोई चाकरी सोडून गेला होता आणि कारभाऱ्यांनी त्याच सकाळी दिसेल तो माणूस धरून दांड्याखाली उभा केला होता. बाकीचे तिघे उजवा पाय टाकत होते आणि हा बिचारा डावा.

राजांनी वाड्यावर येऊन आंघोळीच्या आधी हुकूम सोडला, "आजपासून एकही भोई चाकरी सोडणार नाही. जो जाईल तो अंधारकोठडीत!"

आता पंचाईत अशी, की चौघांनाही जायचंच होतं. दोघांना शेजारच्या राजांकडून बोलावणं आलं होतं. पगार तोच, पण ते राजे अंगाने अगदी किडकिडीत. नव्या भोयाची तर पहिल्याच दिवशी हौस फिटली होती. आणि दगडूला नदीकाठच्या सासरवाडीला जाऊन मासेमारी करायची होती. त्याचं पोर तिकडे रांगायला लागलं होतं आणि त्याने ते अजून पाहिलंसुद्धा नव्हतं.

चौघे राहीकडे आले. राही पालखीची नाईकीण. कोणी कुठे उभं राहायचं, खांदा कुठे बदलायचा, हे ती ठरवायची. बाई तोंडाने फटकळ, पण माणसांना जीव लावणारी.

"मावशी, आम्ही इथंच म्हातारे व्हायचं का?" दगडूने विचारलं आणि त्याचे डोळे भरून आले. 

"रडतोस काय मेल्या? मी आहे ना अजून," असं म्हणून तिने पदर खोचला आणि तरातरा दरबार गाठला.

"सरकार, माझ्या चौघांना मोकळं करा."

"आणि मी काय रांगत देवळात जाऊ?"

"नवे चौघे देते की."

"नवे? परवाचा चिखल अजून माझ्या कानातून निघतोय, राही!"

"त्यात त्या पोराचा काय दोष? त्याला कोणी काही सांगितलंच नाही. माणूस म्हणजे काय खुंटी आहे, एक काढली की दुसरी ठोकली?"

राजांनी मिशीवर ताव दिला. "बरं. दसऱ्याला मी कोरजाईच्या डोंगरावर जातो. तोवर चौघेही बदलून दाखव. पण मला कळता कामा नये. मी रोज पालखीत ताकाची काठोकाठ भरलेली वाटी घेऊन बसेन. एक थेंब सांडला, की खेळ खलास. चौघे जन्मभर इथे आणि तू जन्मभर मुदपाकखान्यात मसाला वाटायचा."

"आणि रोज चेहरे बघून घ्याल ना, सरकार?"

"चेहरे कशाला बघू? नवा माणूस दांड्याखाली आला, की माझ्या कमरेला आधी कळतं."

"मग कमरेवर भरवसा ठेवा," राही म्हणाली आणि निघून गेली. कारभारी तोंडावर हात ठेवून हसले.

त्या दिवसापासून राजांची नजर वाटीवरून हलेना. नागपंचमी गेली, गणपती गेले. ताक हलायचं, पण सांडायचं नाही. राजे आधी खूश झाले, मग बेचैन झाले, मग चिडले. एकदा त्यांनी मुद्दाम शिंकून पाहिलं. ताक तेवढ्यास तेवढं. उतरल्यावर ते प्यावंही लागायचं, तेव्हा नवरात्र येईतो राजांना ताकाचा वासही नकोसा झाला.

दसऱ्याला पालखी डोंगर चढली. वळणं अवघड, चढ छातीवर येणारा. देवळासमोर पालखी टेकली तरी वाटी भरलेलीच. राजे उडी मारून उतरले.

"राहीला बोलवा!"

राही भंडाऱ्याचे हात पुसत देवळातून बाहेर आली.

"हरलीस! दसरा आला आणि ताक जसंच्या तसं. एकालाही बदलायची छाती झाली नाही तुझी!"

"सरकार, जरा मागं वळून बघता?"

राजे वळले. दांड्याजवळ चार अनोळखी माणसं घाम पुसत उभी होती.

"कोण रे तुम्ही?"

"मी भिवा. नागपंचमीपासून उचलतोय तुम्हांला."

"मी गणपतीपासून, सरकार."

"आम्ही दोघे पितृपक्षात आलो, हा आधी, मी नंतर."

"आणि दगडू?"

"दगडू नदीवर," राही म्हणाली. "नवरात्र बसायच्या आधी तुम्ही बोटं चाटून खाल्लात तो मासा त्यानेच पाठवला होता. खरं वाटत नसेल तर कमरेला विचारा."

राजांचा हात नकळत कमरेवर गेला. "पण हे केलंस कसं?"

"एका वेळी एकच बदलला. जाणारा येणाऱ्याच्या शेजारून चालायचा. कुठला दगड निसरडा, कुठल्या वळणावर सरकार कुशीवर होतात, लाडू मागितला की पाय कुठे आवरायचे, सगळं सांगायचा. मग त्याला पुरणपोळी वाढून निरोप. आपल्याला खरंच सोडणार म्हटल्यावर त्यांनी काही हातचं राखलं नाही."

राजांनी डोळे बारीक केले. "सगळं डोकं तुझं. भोई गेले, चाललं. उद्या तूच गेलीस तर माझं काय? याचं उत्तर दे, नाहीतर पाटा तयार आहे."

कारभारी पुढे सरकले. आता बाई अडकली असं त्यांना वाटलं.

"सरकार, मी कालपासून या देवळात मुक्कामाला आहे," राही म्हणाली. "आज कोण कुठे उभा राहिला, खांदा कुठे बदलला, सगळं या भिवाने ठरवलं. मी तर कालच गेले. ताक सांडलं का?"

राजांनी वाटीकडे पाहिलं, भिवाकडे पाहिलं आणि जे हसत सुटले ते पोट धरून पायरीवरच बसले. हसता हसता त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून राहीच्या हातात घातलं.

"आजपासून वाड्यातली सगळी चाकरमाणसं तुझ्या हाताखाली. मुदपाकखाना, पागा, नगारखाना, सगळं!"

"बघेन की, सरकार. पण आधी सुट्टी द्या. दगडूच्या पोराला बघून येते."

"जा बाई, माझी बैलगाडी घेऊन जा," राजे डोळे पुसत म्हणाले, "आणि येताना मासे आण!"