तिच्या हाकेला ओ

करंजमाळ गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी एक थोरला उंबर होता. त्याच्या बुंध्याशी महाराज येऊन राहिले. आपले नाव त्यांनी कधीच कुणाला सांगितले नाही. लोकच त्यांना उंबरनाथ महाराज म्हणू लागले. त्यांची छाटी धुण्याची सेवा गावच्या येसू परटिणीकडे होती.

लहानपणी येसूला देवी आल्या होत्या. ती जगली, पण तिचा एक डोळा गेला आणि सगळे तोंड वणांनी भरले. शुभकार्याला निघालेली माणसे ती समोर आली की मागे फिरत. शिदोजी इनामदार तर तिला परड्यातूनच ओरडून सांगत, "धुणं मागच्या दाराशी टाक आणि जा. तुझं तोंड पाहिलं की अन्न गोड लागत नाही." येसू मान खाली घालून धुणे ठेवी आणि निघे.

त्या वर्षी चैत्रात गावात देवी आल्या. कुंभारवाड्यात आधी दोघे पडले, मग घरोघरी कुणी ना कुणी. आणि आजाराबरोबर दुसरेच काही आले. भर दुपारी, सावल्या पायाखाली आल्या की, गल्लीतून हाक येई. नाव घेऊन येई. आवाज मात्र घरच्याच माणसाचा, कधी आईचा, कधी परगावी दिलेल्या लेकीचा. हाक चालू असताना कावळा ओरडत नसे, कुत्रे भुंकत नसे. आजाऱ्याने ओ दिली की दिवस मावळायच्या आत त्याचा श्वास थांबे. असे तिघे गेले.

सारा गाव उंबराखाली जमला. महाराज म्हणाले, "ज्याला कधी देवी आल्या नाहीत, त्यानं आजाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकू नये. आजाऱ्याची अंथरुणं जाळा. हाक आली तर कुणी ओ देऊ नका." मग त्यांची दृष्टी येसूवर गेली. "येसू, बाळ, शुश्रूषेला तू जा. देवीआईनं तुझं नाव एकदा घेतलंय. एकदा घेतलेलं नाव ती पुन्हा घेत नाही."

इनामदार मोठ्याने हसले. "वा महाराज! रोग गावभर, आणि त्यावर औषध काय, तर ही चाळण!"

दोघेचौघे हसले.

पंधरवडा झाला नाही तोच इनामदारांच्या सहा वर्षांच्या नातीला, मैनेला, ताप भरला. तिसऱ्या दिवशी तोंडावर पुरळ उठला. मैनेची आई पोटुशी. तिला बाकीच्या माणसांबरोबर दूर मळ्यावर पाठवले. गडी न सांगता पळाले. पोरीपाशी उरले एकटे इनामदार.

येसू मागच्या दाराशी आली. हातात कडुलिंबाचे डहाळे होते.

"सरकार, आपण खोलीबाहेर व्हा. मी बसते."

"उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नकोस!"

आतून मैना क्षीण आवाजात "पाणी" म्हणाली. इनामदारांनी घाईने पेला तिच्या ओठांना लावला. पाणी सगळे उशीवर सांडले.

"रागवा मला," येसू म्हणाली, "पण आधी तिला पाणी पाजू द्या." ती आत आली. इनामदारांनी तिला अडवले नाही. ते आतल्या चौकात जाऊन बसले.

येसूने पोरीचे डोळे ओल्या फडक्याने हळूहळू पुसले. पापण्या चिकटल्या होत्या. दर घटकेला ती त्या मोकळ्या करी. "माझा डोळा असाच चिकटून गेला, सरकार," ती आतूनच म्हणाली. "हिचे जाऊ द्यायची नाही मी."

येसू आल्याच्या चौथ्या दुपारी वारा पडला. कडुलिंबाचे पान हलेना. आणि दाराबाहेरून हाक आली.

"मैने ऽ, ये गं माझ्याकडे."

हुबेहूब तिच्या आईचा आवाज! इनामदारांच्या अंगावर काटा आला. सून तीन कोसांवर मळ्यात होती. अंथरुणावर मैनेचे ओठ विलग झाले. येसूने तिच्या तोंडावर हलकेच तळवा ठेवला, तिच्या कानात काही पुटपुटली आणि उठून पुढच्या दाराशी गेली. तिने दार सताड उघडले.

गल्लीत कुणी नव्हते. रखरखीत ऊन होते आणि उन्हाला ओल्या केसांचा, हळदीचा वास येत होता. धुळीत उघड्या पायांचे ठसे गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत आले होते. येसू बघत असतानाच शेवटच्या ठशापुढे, उंबऱ्याला लागून, आणखी एक ठसा उमटला.

"मैने ऽ!"

येसूने ओ द्यायला तोंड उघडले. घशातून आवाजच निघेना. तरी ती दारातून हलली नाही. मनात म्हणाली, 'महाराज!'

तोच तिच्या पाठीमागून, अगदी कानाशी, धीरगंभीर आवाज आला: "ओ!"

इनामदारांनी तो स्वतःच्या कानांनी ऐकला. घरात दुसरा पुरुष नव्हता.

येसूला कंठ फुटला. "आई, मी येसू. माझा डोळा तू नेलास, रूप नेलंस. ओळखलंस ना? या घरातलं तुझं देणं माझ्यावर फिटलं म्हण, आणि जा."

मग धुळीतले ठसे एकेक करून उलट दिशेला वळले आणि वेशीकडे गेले. दूर कुठेतरी कुत्रे भुंकले.

त्याच वेळी उंबराखाली महाराज भक्तांशी बोलत होते. बोलता बोलता थांबले, एकदम "ओ!" म्हणाले आणि घामाने न्हाऊन निघाले. कुणी विचारले तर म्हणाले, "एकीचा आवाज बसला होता."

मैनेचा ताप उतरला. खपल्या गळून पडल्या. तोंडावर वण राहिले, पण दोन्ही डोळे शाबूत! ती बाहेर हिंडू लागली त्या दिवशी इनामदार अनवाणी नदीवर गेले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"दारात मी नव्हतो उभा," ते म्हणाले.

इनामदार उठले. नदीत गुडघाभर पाण्यात येसू धुणे आपटत होती. ते तसेच, अंगरख्यासकट पाण्यात उतरले आणि सगळ्या गावासमोर तिच्या पायांशी वाकले. येसू ओशाळली. "हे काय, सरकार! उठा," ती म्हणाली. "भिजाल. आणि मला वाटही सोडा, कुंभारवाड्यात अजून तिघं निजून आहेत."